सवत, सही आणि साखळीचा वाडा

साखळी म्हटलं की गोव्याबाहेरच्या माणसाला आता मुख्यमंत्र्यांचा मतदारसंघ आठवतो. जुन्या माणसांना आठवतात ते राणे. दीपाजी राण्यांनी १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज सरकारला साडेतीन वर्षं झुंजवलं. पुढे कुष्टोबा. त्यानंतर १८९५ मध्ये मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केलं, त्यांना दादा राणे जाऊन मिळाले, आणि ते मोडायला खुद्द पोर्तुगालच्या राजाचा भाऊ फौज घेऊन गोव्यात उतरला. कारापूरच्या बाजूला विठ्ठलापुरात राण्यांचं विठ्ठलमंदिर आहे. चैत्रातल्या उत्सवाला गेलात तर ही नावं आजही कुणीतरी सांगतं.

या सगळ्या बंडांच्या मुळाशी जमीन होती. वतन, मोकासा, महसूल. सरकारनं हात घातला की तलवार निघायची. त्यात देशाभिमान होता हे खरंच, पण घराण्याचा हक्कही होता, आणि ते सांगताना कुणी लाजायचं कारण नाही. मला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. दीपाजी, कुष्टोबा, दादा ही नावं शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. त्यांच्या घरातल्या एका तरी बाईचं नाव तुम्हाला सांगता येईल का? मला नाही येत. वाड्यात बायका होत्या, चूल होती, बाळंतपणं होती, आणि घरातला पुरुष फरार झाल्यावर कुळांकडून भात वसूल करणारंही कुणीतरी असणारच. पण बखर असो की सरकारी दफ्तर, मालमत्तेची गोष्ट आपल्याकडे पुरुषांच्या नावानंच चालत आली.

आणि तरीही गंमत अशी की, बाईचं नाव कागदावर आधी आलं ते गोव्यातच.

डिचोली, सत्तरी, पेडणे हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती उशिरा आले, अठराव्या शतकाच्या शेवटी. म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. इथल्या लोकांना त्यांचे रीतिरिवाज राखू देऊ, असं वचन सरकारनं दिलं होतं. पुढे पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १ जुलै १८७० पासून गोव्याला लागू झाला. मग हिंदूंच्या रिवाजांचं काय, हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर म्हणजे १६ डिसेंबर १८८० चा हुकूमनामा, गोव्यातल्या हिंदूंच्या रूढी आणि रिवाजांचा.

त्यातलं तिसरं कलम प्रत्येक बाईनं एकदा वाचावं असं आहे. पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न करता येणार नाही, असं ते आधी म्हणतं. वाचून बरं वाटतं. मग अपवाद सुरू होतात. पहिलीला पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूलच झालं नाही तर दुसरी करता येईल. तिला तिसावं वर्ष पुरं झालं आणि मुलगा नसेल तर करता येईल. ती तिशीच्या आत असेल आणि शेवटच्या गरोदरपणाला दहा वर्षं होऊन गेली असतील, तरीही करता येईल.

ही कलमं कुणी लिहिली असतील, त्या टेबलाभोवती कोण कोण बसलं असेल, याचा मी बराच विचार केला. एकही बाई नसणार, एवढं सांगायला दफ्तर धुंडाळावं लागत नाही. पंचवीस, तीस, दहा. जणू भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका, आणि तिची पानं म्हणजे एका बाईचं अंग. नवऱ्याचं वय कुठेच मोजलेलं नाही. मूल न होण्याचं कारण त्याच्यातही असू शकतं, ही शंकाही कुणाला आलेली नाही. पौषात मांडावर धालो खेळायला जमणाऱ्या, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांनी सवतीची गाणी एवढी का म्हटली, ते हे कलम वाचून कळतं. तुमच्या-आमच्या पणज्यांना ते वाचता येत नव्हतं, पण त्यातलं वयाचं गणित त्यांना बरोबर ठाऊक होतं. पंचविशी जवळ आली की नवस वाढायचे.

हे कलम फारसं कुणी वापरलं नाही, असं आज सांगितलं जातं. असेल. पण न वापरलेली सुरीही घरात असली की सून जपूनच बोलते.

आता याच कायद्याची दुसरी बाजू बघा. त्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एक होते आणि दोघं अर्ध्या-अर्ध्याचे धनी होतात. माहेरची, सासरची, आधीची, नंतरची, सगळी. कारभार नवऱ्याकडे असे, तो भाग जुनाच. पण घर किंवा भाट विकायचं तर बायकोची सही लागते. एक मेलं तर अर्धं दुसऱ्याचं राहतंच, उरलेल्या अर्ध्याची वाटणी होते, आणि त्यात मुलगा-मुलगी समान. मृत्युपत्रानंही मुलांचा हक्काचा वाटा तोडता येत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी डिचोलीत हे चालू होतं. तेव्हा दोडामार्गच्या पलीकडे, अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर, लेकीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क नव्हता. महाराष्ट्रानं तो १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. बायकोला अर्धा वाटा तर तिकडे अजून नाही.

म्हणजे एकाच राज्यात, एकाच वेळी, एक कागद बाईला अर्ध्या घराची मालकीण म्हणत होता आणि दुसरा म्हणत होता की पंचविशीपर्यंत मूल झालं नाही तर तुझ्या चुलीशी दुसरी येईल. दोन्ही कागद एकाच पेटीत.

हे इतिहासातलं वाटेल, पण एका अमेरिकन कुटुंबाची गोष्ट अगदी कालपर्यंत जग टीव्हीवर बघत होतं. ‘सिस्टर वाइव्ह्ज’ हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. कोडी ब्राउन नावाचा एक गृहस्थ, त्याच्या चार बायका, मुलांचं मोठं लेंढार. मेरी, जनेल, क्रिस्टीन आणि रॉबिन. कायद्यानं लग्न एकीशीच, बाकीची तिघी धर्मानं. २०१४ मध्ये मेरीशी कायदेशीर घटस्फोट घेऊन त्यानं रॉबिनशी कायदेशीर लग्न केलं, कारण तिच्या आधीच्या मुलांना दत्तक घ्यायचं होतं. मेरी ‘बायको’ राहिली, पण सरकारी कागदावर नाही. युटाच्या बहुपत्नीविरोधी कायद्याविरुद्ध ते कोर्टात गेले, २०१३ मध्ये अंशतः जिंकले, २०१६ मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल पुसून टाकला. २०१८ मध्ये ॲरिझोनात फ्लॅगस्टाफजवळ त्यांनी कायोटी पास नावाची सुमारे १४ एकर जमीन ८,२०,००० डॉलरला घेतली. सगळ्यांची घरं तिथे बांधायची म्हणून. एकही घर उभं राहिलं नाही. २०२१ च्या अखेरीपासून दीडेक वर्षात क्रिस्टीन, जनेल, मेरी एकेक करून वेगळ्या झाल्या. क्रिस्टीननं त्या जमिनीतला आपला हिस्सा कोडी आणि रॉबिनच्या नावे केला, दस्तावर रक्कम १० डॉलर. २०२५ मध्ये ती जमीन विकली गेली.

लोकांनी त्यात भांडणं पाहिली, कुणाच्या घरी तो किती रात्री राहतो ते मोजलं. मी पाहिली असती तर जमिनीचे दस्त पाहिले असते. कार्यक्रम एका कुटुंबाचा, पण ‘आमचं’ म्हणून घेतलेल्या जमिनीत प्रत्येकीला विचारावं लागलं की उताऱ्यावर मी कुठे आहे. हसू नका. दस्तावरच्या १० डॉलरसारखीच आपल्याकडे ‘प्रेमापोटी’ असते. भावाच्या प्रेमापोटी बहीण हक्क सोडते, मोबदला शून्य.

आणि गोव्यात हे रोज घडतं. वडील गेले की वारसपत्र करायला सगळे नोटरीकडे जातात आणि त्याच बैठकीत बहिणी हक्कसोड करून मोकळ्या होतात. मालमत्ता सामाईक असल्यामुळे बहिणीच्या नवऱ्याचीही सही लागते, म्हणजे जावयाला सन्मानानं बोलावतात, पोहे देतात. माझ्या माहितीतल्या एका बाईनं सही करताना एवढंच विचारलं होतं, “किती आहे ते तरी सांगा.” खोलीत सगळे गप्प झाले. तिला भाट नको होतं, आकडा हवा होता. तो तिला शेवटपर्यंत कुणी सांगितला नाही, आणि सही मात्र झाली. कायद्यानं दिलेलं असं पोह्यांच्या बशीशेजारी परत जातं.

आणखी एक घर होतं, ज्याबद्दल आपल्या घरांत खालच्या आवाजात बोललं जायचं. भाटकाराचं दुसरं घर. देवळाशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायकांचे ‘यजमान’ असत. लग्न नव्हे, पण संसार होता, मुलं होती. मालमत्ता मिळे ती यजमानाच्या मर्जीनं. कुणाला घर, कुणाला दागिने, कुणाला काहीच नाही. या समाजातूनच सुधारणेची चळवळ उभी राहिली, राजाराम पैंगीणकरांसारखी माणसं पुढे आली, आणि १९३० मध्ये मुलींना देवाला वाहण्याच्या चालीवर पोर्तुगीज सरकारनं बंदी घातली. याच समाजातले दयानंद बांदोडकर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या सरकारनं १९६४ चा कूळ कायदा आणला आणि त्यांच्या लेकीनं, शशिकला काकोडकरांनी, मुख्यमंत्री असताना १९७६ मध्ये ‘कसेल त्याची जमीन’ केली. भाटकारांच्या वाड्यांवर त्यानं जे व्हायचं ते झालं. एका बाईच्या सहीनं झालं, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. मात्र कुळांच्या नोंदी झाल्या तेव्हा शेतात वाकून लावणी करणाऱ्या बाईचं नाव क्वचितच लागलं. तिथेही घरचा कर्ता पुरुषच.

आपल्या जैन बायकांसाठी एक जुनी गोष्ट इथे सांगते, कारण ती आपल्यातही फारशी कुणाला माहीत नसते. साखळीजवळच्या कुडणे गावात गुजीर म्हणून जैन मंदिराचे अवशेष उभे आहेत. कधीकाळी व्यापारी आले, नांदले, निघून गेले. त्यांच्या बायकांना काय हक्क होते ते दगड सांगत नाहीत. पण १८७८ चा एक निकाल सांगतो. गोव्याचा तो हुकूमनामा निघाला त्याच्या दोनच वर्षं आधी, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे उत्तर हिंदुस्थानातल्या दाखो नावाच्या जैन विधवेचा दावा आला. तिनं नवऱ्याच्या परवानगीशिवाय मुलगा दत्तक घेतला होता. जैन रिवाजाप्रमाणे तो घेता येतो, आणि नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर विधवेचा पूर्ण हक्क असतो, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. कशाच्या आधारावर? वेगवेगळ्या शहरांतल्या जैन गृहस्थांच्या साक्षींवर. इतर हिंदू विधवांना तेव्हा फक्त हयातीपुरता भोग होता. आपल्या आज्या-पणज्यांना हा हक्क होता, पण तो शाबित करायला साक्ष मात्र पुरुषांचीच लागली.

चोर्ला घाट उतरून बेळगावकडच्या मुली साखळी-डिचोलीत सून म्हणून येतात, आपल्या समाजातल्याही. त्यांच्या आयांसाठी हे लिहून ठेवते. गोव्यात विवाहनोंदणीला निबंधकापुढे जावं लागतं, एकदा इरादा नोंदवायला आणि पुन्हा तो कायम करायला. मालमत्ता वेगळी ठेवायची असेल तर त्याचा करार त्याआधीच व्हावा लागतो. लग्नानंतर बदलता येत नाही. “सही कर गो, रीतच आहे” म्हणून एखादा कागद पुढे आला तर तो त्याच कराराचा नाही ना, हे आधी वाचून घ्या. जुन्या कायद्यातला वारसाहक्काचा भाग २०१६ पासून गोव्याच्या स्वतःच्या नव्या कायद्यात आला आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारसा गोव्याच्याच कायद्यानं ठरेल. म्हणजे जावयाचा फ्लॅट पुण्यात असला तरी. लग्नाची बोलणी करताना हॉल, जेवण आणि मानपान यांच्या मध्ये कुठेतरी हा एक प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात.