बॅकअप आणि क्लोन : संगणकीय प्रतींच्या दोन परंपरा

लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवरील मजकुराची दुसरी प्रत काढून ठेवण्याच्या क्रियेस व्यवहारात बॅकअप व क्लोन अशी दोन नावे आहेत आणि ती बहुधा समानार्थी मानली जातात. इतिहास पाहता हा समज टिकत नाही. बॅकअपचा जन्म नाशाच्या भीतीतून झाला, क्लोनचा श्रम वाचविण्याच्या गरजेतून. क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणे व अनेक वर्षांची टिपणे एकाच लॅपटॉपवर बाळगणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'क्लोन' हा शब्द शास्त्रीय परिभाषेत १९०३ साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट वेबर यांनी आणला. त्याचे मूळ कोवळी डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. बीजावाचून, फांदी किंवा कंद लावून वाढविलेल्या वनस्पती त्यांना अभिप्रेत होत्या. मराठीत या कल्पनेच्या अगदी जवळचा शब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे कलम. कोयीपासून वाढलेले आंब्याचे झाड मूळ झाडासारखेच फळ देईल याची शाश्वती नसते. कलम ती देते. परंतु फांदीत रोग असल्यास तोही कलमाबरोबर नव्या झाडात जातो. याउलट मराठेशाहीच्या दप्तरातील 'अस्सलबरहुकूम नक्कल' पाहावी. कारकून मजकूर अक्षरशः उतरून घेई. अस्सल कागदावरील डाग व कसरीची भोके उतरविणे हे त्याचे काम नव्हते. बॅकअप ही या अर्थाने नक्कल होय. क्लोन हे कलम आहे. त्यात कसरीची भोकेही उतरतात.

आय. बी. एम.ने १९५६ साली रॅमॅक या यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. पुढील काळात अशा डिस्कवरील मजकूर चुंबकीय फितीवर उतरवून ठेवण्याचा प्रघात मोठ्या संगणकालयांतून रूढ झाला. युनिक्स या प्रणालीत त्यासाठी 'डंप' हा कार्यक्रम होता. एकदा संपूर्ण प्रत घ्यावी व नंतर केवळ बदललेला भाग घ्यावा, ही क्रमिक बॅकअपची पद्धत त्यात पायऱ्यांनिशी बांधलेली आढळते. १९७९ साली 'टार' आला. त्याच्या नावातच फितीचा निर्देश आहे. व्यक्तिगत संगणकात १० मेगाबाइटची डिस्क १९८३ साली आय. बी. एम.च्या एक्स. टी. यंत्राबरोबर आली आणि त्याच वर्षीच्या डॉस प्रणालीत 'बॅकअप' ही आज्ञाही आली. भरलेली डिस्क ३६० किलोबाइटच्या फ्लॉपींवर उतरवायची तर सुमारे २८ फ्लॉपी एकामागून एक घालाव्या लागत. हे काम किती जणांनी नियमितपणे केले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

क्लोनची परंपरा निराळी. युनिक्समध्ये १९७०च्या दशकाच्या मध्यास 'डीडी' ही आज्ञा आली. तिचे नाव आय. बी. एम.च्या कार्यनियंत्रण भाषेतील एका विधानावरून घेतलेले आहे. तिला फाइल ठाऊक नसते. पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जे आढळेल ते, पुसलेल्या फाइलींच्या अवशेषांसह, ती दुसरीकडे उतरवते. मूळ व लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर ती तितक्याच निष्ठेने रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवते. कारकुनाकडून असा प्रमाद संभवत नव्हता.

क्लोनला सार्वत्रिक रूप दिले ते न्यूझीलंडमधील मरे हॅझार्ड यांच्या 'घोस्ट' या कार्यक्रमाने. १९९५ साली निघालेला हा कार्यक्रम १९९८ साली सिमँटेक कंपनीने विकत घेतला. शाळा व कार्यालये यांतील शेकडो यंत्रांवर तीच प्रणाली पुनःपुन्हा बसविण्याचे कष्ट त्याने वाचविले. येथे हेतू मजकूर राखण्याचा नसून एकसारखी यंत्रे निर्माण करण्याचा होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आणि एकसारखेपणाचीच पुढे अडचण झाली. विंडोज एन. टी. प्रणालीत प्रत्येक यंत्रास एक ओळखक्रमांक असे. क्लोन केलेल्या सर्व यंत्रांचा तो एकच होई. तो बदलून देणारी साधने निघाली. त्यांपैकी 'न्यूसिड'चे एक कर्ते मार्क रुसिनोविच यांनी २००९ साली ही भीती बहुतांशी निराधार असल्याचे सांगून ते साधन मागे घेतले. परंतु २०२५ साली मायक्रोसॉफ्टने विंडोजची तपासणी कडक केली आणि समान क्रमांकाची यंत्रे एकमेकांची ओळख पटविण्यास नकार देऊ लागली. कलमाबरोबर आलेला दोष इतक्या वर्षांनी पुन्हा वर आला.

बॅकअपची परंपरा निर्दोष आहे असे मात्र नाही. १९९८ साली पिक्सार संस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप घेतला जात होता, पण तो नीट उतरत नसल्याचे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सस्मन यांच्या घरच्या संगणकावर असलेल्या प्रतीमुळे. त्या प्रसूतीनंतर घरून काम करीत असल्याने ती प्रत तेथे होती. पुसण्यानंतर त्या डिस्कचा क्लोन काढला असता, तर तो पुसलेल्या डिस्कचाच निघाला असता.

लॅपटॉपच्या बाबतीत क्लोनची उपयुक्तता अलीकडे आणखी एका कारणाने संकुचित झाली आहे. मॅकिन्टॉशवर २००२ सालापासून 'कार्बन कॉपी क्लोनर' या साधनाने डिस्कची प्रत काढून त्या प्रतीवरूनच यंत्र सुरू करता येई. २०२० साली ॲपलने प्रणालीचा भाग मोहोरबंद केला व ही सोय दुष्कर झाली. त्याच वर्षी आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपांवरील यंत्रांत साठवणीचे कूटलेखन त्या चिपेशीच बांधलेले आहे. साठवण मुख्य फलकावरच डाखलेली असल्याने क्लोन केलेली डिस्क तिच्या जागी बसविण्याचा प्रश्नच उरत नाही. अशा यंत्राचा मुख्य फलक जळाला, तर अभ्यासकाच्या हाती त्याने अन्यत्र उतरवून ठेवलेल्या फाइली तेवढ्याच राहतात.