आयतवृत्ताचा हुकलेला हिशेब

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात आयतवृत्ताचा, म्हणजे आपल्या लंबवर्तुळाचा, परिघ आणि क्षेत्रफळ काढण्याचे नियम आहेत. परिघाचा सूक्ष्म नियम असा: लांबीच्या वर्गाची चौपट आणि रुंदीच्या वर्गाची सहापट यांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे. लांबी ३६ आणि रुंदी १२ धरली, तर सुमारे ७७.८ येतात, खरा परिघ ८०.२ च्या आसपास आहे. या परिघाला आजही सुटसुटीत नेमके सूत्र नाही, हे ध्यानात घेतले की या नियमाचे मोल कळते. क्षेत्रफळासाठी मात्र ते या परिघाला रुंदीच्या चौथ्या हिश्श्याने गुणायला सांगतात. त्याने २३३ येतात; खरे क्षेत्रफळ ३३९. अवघड ते साधले आणि त्या मानाने सोपे ते हुकले. माझ्या मते याचे कारण एकच: वर्तुळाचा नियम उचलला गेला, पण त्यामागची उपपत्ती सोबत आली नाही.

वर्तुळात परिघाला व्यासाच्या चौथ्या हिश्श्याने गुणले की क्षेत्रफळ बरोबर येते. ते का, हे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास लीलावतीवरच्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत दाखवले. वर्तुळाचे दोन अर्धे करायचे, प्रत्येकाच्या केंद्रापासून कडेपर्यंत बारीक पाचरी पाडायच्या आणि कड सरळ पसरायची. पाचरी करवतीच्या दात्यांसारख्या उभ्या राहतात. दोन्ही अर्धे एकमेकांत बसवले की आयत होतो. त्याची लांबी अर्धा परिघ, रुंदी अर्धा व्यास. हे जमते, कारण प्रत्येक पाचरीची उंची सारखी असते. आपल्या आयतवृत्तात ती ६ पासून १८ पर्यंत बदलते. महावीराचार्यांच्या नियमात सगळीकडे ६ च धरली जाते, म्हणून उत्तर कमी भरते.

हा व्यवहारापुरता ठोकताळा होता, असे कोणी म्हणेल. पण व्यवहाराचा नियम त्यांनी वेगळा दिला आहे: लांबीत निम्मी रुंदी मिळवून दुप्पट केली की परिघ. त्याने क्षेत्रफळ २५२ येते, म्हणजे स्थूल उत्तरच सूक्ष्म उत्तरापेक्षा खऱ्याच्या जवळ! दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सात शतकांनंतरच्या टीकेने नवव्या शतकाला का जोखावे? तर आर्यभटांनी ४९९ मध्ये वर्तुळाचे क्षेत्रफळ अर्धा परिघ गुणिले अर्धा व्यास असेच सांगितले होते. त्या आयताच्या याच दोन बाजू आहेत. एवढ्याने त्यांची उपपत्ती सिद्ध होत नाही हे खरे, पण नियमाची घडण त्याच दिशेने बोट दाखवते. शिवाय नियम पारखून घेण्याची रीत परंपरेत रुजली होती. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी गोलाच्या पृष्ठफळाचा लल्लांचा नियम कारणे देऊन खोडून काढला. आयतवृत्ताच्या नियमाच्या वाट्याला असा परीक्षक आला नाही.

ग्रीक गणिती आर्किमिडीजने हे क्षेत्रफळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सिद्ध केले होते. वाट साधी आहे. ३६ व्यासाच्या वर्तुळातली प्रत्येक उभी जीवा एकतृतीयांश केली की हेच आयतवृत्त तयार होते. म्हणून क्षेत्रफळही वर्तुळाच्या १०१८ चा तिसरा हिस्सा, ३३९. याला त्रैराशिक पुरते, आणि त्रैराशिकावर ‘गणितसारसंग्रहा’त स्वतंत्र प्रकरण आहे.