ब्रुकलिनची बालबाग

सार्वजनिक उद्यान आणि शाळा यांची गाठ आपल्याकडे बहुधा वर्षातून एकदाच पडते, आणि तीही सहलीच्या निमित्ताने. आम्ही ज्या वडोदरा शहरात अध्यापनाचे काम करीत आलो, तेथे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी वसविलेली कमाटीबाग आहे. मुलांच्या रांगा तेथे नेण्याचे आणि परत निघताना त्यांची डोकी मोजण्याचे काम आम्ही कितीतरी वेळा केले. मुले पशुपक्षी पाहतात, संग्रहालयातून एक फेरी मारतात, झाडाखाली बसून शिदोरी सोडतात आणि घरी जातात. ज्या झाडाखाली शिदोरी सोडली ते झाड कोणते, असे दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले तर क्वचितच एखादा हात वर होतो. दोष मुलांचा नाही. बागेत त्यांना आपण पाहुणे म्हणून नेलेले असते. आणि पाहुण्याने घरातील वस्तूंस हात लावावयाचा नसतो, ही शिकवण तर आपणच त्यांना दिलेली असते.

मूल बागेत पाहुणे न राहता एखाद्या वाफ्याचे धनी होऊ शकेल काय? हा प्रश्न शिक्षणाच्या इतिहासात अनेकांनी विचारला. त्याला कृतीने दिलेले आणि शतकाहून अधिक काळ टिकलेले एक उत्तर अमेरिकेतील ब्रुकलिनच्या वनस्पति-उद्यानात सापडते. त्याचा इतिहास शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी जाणून घेण्यासारखा आहे, असे आम्हांस वाटते.

वनस्पति-उद्यान ही संस्था मुळात मुलांसाठी जन्मास आलेली नाही. इटलीतील पादुआ येथे १५४५ साली स्थापन झालेले उद्यान वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी होते. औषधी वनस्पती त्यांनी प्रत्यक्ष ओळखाव्यात आणि रोग्यास भलतेच मूळ उगाळून देऊ नये, हा त्यामागील हेतू. पुढे युरोपीय सत्ता जगभर पसरल्या आणि उद्यानांचा हेतूही पालटला. कलकत्त्याजवळ शिबपूर येथे १७८७ साली रॉबर्ट किड याच्या सूचनेवरून ईस्ट इंडिया कंपनीने जे उद्यान उभारले, त्यात व्यापाराला आणि जहाजबांधणीला उपयोगी पडतील अशा वनस्पतींची लागवड करून पाहावयाची होती. पहिल्या उद्यानाचा धनी वैद्य, दुसऱ्याचा व्यापारी. मुलाला दोन्हीकडे जागा नव्हती.

मुलाच्या हाती माती देण्याचा विचार निराळ्याच वाटेने आला. फ्रीड्रिख फ्रोबेलने जर्मनीत ब्लांकेनबुर्ग येथे १८३७ साली बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १८४० साली त्यास ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालकांची बाग, हे नाव दिले. आपण ते नाव उचलले, पण त्यातील बाग मागेच राहिली. फ्रोबेलच्या योजनेत ती केवळ उपमा नव्हती; प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि त्याभोवती सर्वांच्या सामाईक मालकीचे वाफे अशी तिची प्रत्यक्ष मांडणी होती. आपले आणि सर्वांचे, असे दोन धडे त्या मांडणीतच मुलास मिळत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सृष्टिनिरीक्षणाची चळवळ उभी राहिली. शेतीला उतरती कळा लागून खेड्यांतील तरुण शहरांकडे लोटू लागले होते, आणि मुलांना सभोवतालच्या सृष्टीची गोडी लागावी म्हणून कॉर्नेल विद्यापीठाने शिक्षकांना हाताशी धरले. लिबर्टी हाइड बेली आणि ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक ही त्या कार्यातील प्रमुख नावे. कॉमस्टॉकबाईंचा सृष्टिनिरीक्षणावरील मोठा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यास शिक्षकाने तसे मोकळेपणाने सांगावे आणि मुलाबरोबर शोधास लागावे, हा त्यातील उपदेश आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. आमच्या पिढीतील किती शिक्षकांनी वर्गात ‘मला माहीत नाही’ हे शब्द उच्चारले असतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

ही चळवळ खेड्यांसाठी निघाली, पण तिची निकड शहरांस अधिक होती. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी युरोपातून येणाऱ्या निर्वासितांची आणि मजुरांची कुटुंबे दाटीवाटीने राहत. त्यांच्या मुलांना अंगण म्हणजे रस्ता. अशाच एका वस्तीतील डी विट क्लिंटन पार्कमध्ये फॅनी ग्रिस्कम पार्सन्स यांनी १९०२ साली मुलांची शेतीशाळा काढली. भाजीपाला पिकविणे हा आपला मुख्य हेतू नाही, असे त्या स्पष्ट सांगत. सार्वजनिक जागेची काळजी मुलाने स्वतःच्या वस्तूइतक्या आस्थेने घ्यावी, श्रमाला हलके मानू नये, आणि शेजाऱ्याच्या वाफ्यातील मुळा शेजाऱ्याचाच आहे हे ओळखावे, एवढे नागरिकत्व त्यांस शिकवावयाचे होते.

ब्रुकलिनचे उद्यान या पार्श्वभूमीवर निर्माण झाले. पूर्वी राखेचा उकिरडा असलेल्या जागेवर १९१० साली त्याची स्थापना झाली आणि १३ मे १९११ रोजी ते लोकांस खुले झाले. पहिले संचालक चार्ल्स स्टुअर्ट गेगर हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. रेडियमच्या किरणांचा वनस्पतींवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास त्यांनी केला होता. अशा संशोधकाने उद्यानाच्या आरंभीच्या वर्षांतच मुलांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र विभाग काढावा, ही गोष्ट साधी नव्हे. त्या कामावर १९१३ साली एलेन एडी शॉ या शिक्षिका रुजू झाल्या. बागकाम आणि शेती यांवर मुलांसाठी त्यांनी लिहिलेले पुस्तक दोन वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झाले होते. १९१४ साली त्यांनी उद्यानाच्या आवारात सुमारे एक एकर जागेत बालबाग सुरू केली. वनस्पति-उद्यानाच्या आत अखंड चालत आलेली जगातील सर्वांत जुनी बालबाग म्हणून ती आज ओळखली जाते.

बालबागेची रीत साधी आहे. मुलांना वाफे नेमून दिले जातात. जमीन तयार करणे, ओळी आखणे, बी टोकणे, तण काढणे, पाणी देणे ही कामे मुलेच करतात. मुळा, घेवडा, टोमॅटो यांसारख्या भाज्या आणि त्यांच्या जोडीला फुले लावतात. जे पिकेल ते मुलाचे. ते घरी न्यावयाचे. बाहेर कडाक्याची थंडी असते तेव्हा छपराखाली बियांचे, रोपांचे, किडींचे पाठ होतात. वनस्पतिशास्त्र येथे वाफ्याच्या पाठोपाठ येते. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी पुस्तकातील चित्रात पाहणे निराळे, आणि स्वतः लावलेला वेल उपटून त्या बोटांनी चाचपणे निराळे. हवेतील नत्र मातीत बांधून ठेवणारे जंतू त्या गाठींत राहतात, हे मुलाला मग सांगितले तर ते विसरत नाही. कारण प्रश्न आधी त्याच्या हातात आलेला असतो.

या रीतीत आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की तीत अपयशालाही स्थान आहे. वाफ्याला पाणी दिले नाही तर रोप वाळते, आणि ते कोणाचे वाळले हे सर्वांस दिसते. तेथे शिक्षा करावी लागत नाही आणि गुण द्यावे लागत नाहीत. पुढल्या वर्षी तेच मूल पुन्हा बी टोकते. वर्गात आपण चुकीखाली तांबडी रेघ ओढतो; वाफ्यात चूक पुढल्या हंगामापर्यंत मुलाजवळ राहते आणि त्यालाच दुरुस्त करावी लागते.

आता इतिहासाचा खरा प्रश्न येतो. अशा बागा अमेरिकेत त्या काळी असंख्य निघाल्या. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई भासू लागली, तेव्हा तेथील सरकारच्या शिक्षण खात्याने मुलांची ‘शालेय उद्यानसेना’ उभी केली. शहरोशहरीची मुले मोकळ्या जागा खणू लागली. पण युद्ध संपले, पैसा आटला, उत्साह ओसरला आणि सेनाही विसर्जित झाली. दुसऱ्या महायुद्धातही अशाच बागा फुलल्या आणि युद्धाबरोबरच बहुतेक संपल्या. पार्सन्सबाईंची शेतीशाळाही काळाच्या ओघात गेली. मग ब्रुकलिनचीच का राहिली?

आमच्या मते याची कारणे तीन. पहिले असे, की तिचा हेतू तात्पुरता नव्हता. युद्धाच्या गरजेतून निघालेली बाग गरज सरताच निरुपयोगी ठरते; मुलाला सृष्टीची ओळख करून देण्याची गरज मात्र दरसाल नव्याने उत्पन्न होते. दुसरे कारण सुट्टीचे. अमेरिकेतील शाळा उन्हाळ्यात बंद असतात, आणि बागेला माणसांची सर्वाधिक गरज नेमकी तेव्हाच असते. शाळेची बाग त्या दिवसांत पोरकी होते. वनस्पति-उद्यानाला उन्हाळी सुट्टी नसते. तिसरे कारण माणसांचे. शॉबाईंनी १९४५ सालापर्यंत, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ, हे काम सांभाळले. त्यांच्यामागून फ्रान्सिस मायनर यांनी ते अनेक वर्षे पुढे नेले. एक व्यक्ती गेली तरी पद राहिले, वाफे राहिले, बियांचे कपाट राहिले. संस्थेने काम आपले मानले, म्हणून ते व्यक्तीबरोबर संपले नाही. २००३ साली या उद्यानाने शेजारच्या प्रॉस्पेक्ट पार्कच्या संस्थेच्या सहकार्याने विज्ञान आणि पर्यावरण यांना वाहिलेले एक माध्यमिक विद्यालयही उभारण्यास हातभार लावला. एका एकरातील मुळ्याच्या वाफ्यांनी धरलेले मूळ किती खोल गेले, ते यावरून दिसते.

या विचारधारेचा आपल्या शहरांशी संबंध आला नाही असे नाही. महाराज सयाजीराव १९०६ साली अमेरिकेस गेले, तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून प्रभावित झाले, आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास त्यांनी वडोदऱ्यास आणले. त्यातून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या संस्थानातील खेड्यांपर्यंत पोहोचल्या. ब्रुकलिनची बालबाग तेव्हा जन्मास यावयाची होती. दुसरा दुवा पॅट्रिक गेडीस यांचा. नगररचनाकार म्हणून ख्याती पावलेले गेडीस मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. एडिंबरोच्या जुन्या वस्तीतील पडीक जागांवर बागा फुलवून तेथे मुलांना आणण्याचा उद्योग त्यांच्या मंडळींनी केला होता. शिक्षणात हृदय आणि हात यांच्यामागून मस्तकाने यावे, असे त्यांचे मत होते. त्यांनी वडोदऱ्याविषयी १९१६ साली आणि इंदूरविषयी १९१८ साली नगररचनेचे अहवाल लिहिले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन केले. आपल्या दोन शहरांचे नकाशे अशा माणसाच्या नजरेखालून गेले. त्या नजरेला रस्त्यांइतकेच बागांचे मोल होते. रस्त्यांविषयी आपण बोलत राहिलो, बागेतील मुलाविषयी मात्र बोललो नाही.

हे इतरांस सांगताना आमचीही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेच्या मागील मोकळ्या जागेत मुलांना वाफे आखून दिले होते. दिवाळीनंतर मेथी, मुळा, कोथिंबीर पेरली. काही वाफे छान उतरले, काही विरळ राहिले. एकात तर नुसते तण माजले. इतक्यात शाळेच्या तपासणीची तारीख आली. आदल्या सायंकाळी आम्ही माळ्यास सांगून विरळ वाफे साफ करविले आणि रोपवाटिकेतून आणलेली झेंडूची फुललेली रोपे त्यांत बसविली. तपासणीस आलेल्या गृहस्थांनी बागेची स्तुती केली. दुसऱ्या दिवशी पाचवीतील एक मुलगी आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “सर, माझी मेथी कुठे गेली? थोडीच होती, पण आली होती.” आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढील जूनमध्ये वाफ्यांसाठी नावे मागितली, तेव्हा तिने नाव दिले नाही. ब्रुकलिनच्या बागेचा इतिहास आम्ही वाचावयास घेतला तो त्यानंतर.

आपल्याकडे हवामानाची सबब सांगण्यास जागा नाही. आपली शाळा मृगाच्या सुमारास उघडते, आणि खरीप व रब्बी हे दोन्ही हंगाम शाळेच्या दिवसांतच येतात. याबाबतीत आपण ब्रुकलिनपेक्षा भाग्यवान आहो. उणीव आहे ती बागेला कायमचा धनी नसण्याची. हौशी शिक्षक असेतो बाग असते, त्याची बदली झाली की तेथे सायकली उभ्या राहतात. म्हणून हे काम एकट्या शाळेवर न टाकता शहरातील सार्वजनिक उद्यानांनी अंगावर घ्यावे, तेथे मुलांसाठी थोडी जमीन राखावी, आणि ती सांभाळण्यास एक जाणता शिक्षक कायमचा नेमावा. एक एकर नसेल तर चार गुंठे पुरतील. आपल्या संस्थांतील अनेक सभासदांचे नगरपालिकांत आणि शिक्षणमंडळांत वजन आहे. त्यांनी हा प्रश्न तेथे मांडावा, अशी आमची विनंती आहे.

आमच्या सेवानिवृत्तीस आता थोडीच वर्षे उरली आहेत. शाळेमागील वाफे पुन्हा आखले आहेत, आणि यंदा विरळ उगवलेला वाफा विरळच ठेवला आहे. त्या मुलीची धाकटी बहीण आता पाचवीत आली आहे. तिने नाव दिले आहे.