जुन्या अलॉय चाकांचा व्यवहार : पारख, दुरुस्ती आणि धोके

पावसाळा ओसरू लागला की मुंबई-पुण्यातील टायरच्या दुकानांत एक दृश्य हमखास दिसते. खड्ड्यात आदळून कड वाकलेले वा तडकलेले अलॉय चाक भिंतीला टेकवून ठेवलेले असते आणि नवे चाक घ्यावे की जुने शोधावे, या विचारात गाडीमालक उभा असतो. कंपनीच्या अधिकृत केंद्रात एका नव्या चाकाची किंमत ऐकल्यावर बहुतेकांची पावले जुन्या बाजाराकडे वळतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट ही अशा सुट्या भागांची ठिकाणे प्रसिद्ध आहेत. आता आंतरजालावरील जाहिरातींची त्यात भर पडली आहे. तथापि, जुना आरसा वा जुना दिवा घेणे वेगळे आणि जुने चाक घेणे वेगळे. दिवा विझला तर गाडी थांबवता येते. धावत्या गाडीचे चाक फुटले तर ती संधी मिळेलच असे नाही.

धातूचा स्वभाव

अलॉय चाक म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चाक. पूर्वी शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाके वापरत, त्यावरून ‘मॅग व्हील’ हे नाव रूढ झाले आणि ॲल्युमिनियमच्या चाकांनाही ते चिकटून राहिले. आजची बहुसंख्य चाके सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम असलेल्या मिश्रधातूची असतात. हा रस कमी दाबाखाली साच्यात भरून चाक ओततात. पुण्याजवळ शिक्रापूर येथे एन्काई या मूळच्या जपानी कंपनीचा अशा चाकांचा कारखाना आहे.

ओतलेल्या चाकाला खरे बळ मिळते ते उष्णतासंस्कारातून. सुमारे ५४० अंश सेल्सिअसला ते काही तास तापवतात, पाण्यात झटकन थंड करतात आणि नंतर सुमारे १५० ते १६० अंशांवर पुन्हा काही तास ठेवतात. या संस्कारामुळे धातू कठीण होतो. पण पोलादाइतका लवचिक होत नाही. म्हणूनच पोलादी चाक आदळले की बहुधा वाकते, ओतीव अलॉय चाक मात्र वाकता वाकता तडकूही शकते. हा फरक लक्षात घेतल्याखेरीज जुन्या चाकाची पारख संभवत नाही.

बाजारात चाके येतात कोठून?

याचे मार्ग प्रामुख्याने चार. पहिला, हौसेने मोठी चाके बसवणाऱ्यांनी काढून ठेवलेला मूळ संच; हा माल बहुधा सर्वांत चांगला असतो. दुसरा, अपघातग्रस्त गाड्यांचे अवशेष. विमा कंपनीने भाग बदलून दिल्यावर मोडक्या भागाची किंमत भरपाईतून वजा होते किंवा तो भाग कंपनी ताब्यात घेते आणि पुढे तो भंगाराच्या व्यापाऱ्याकडे जातो. तिसरा, मोडीत काढलेली वाहने. २०२१ साली केंद्र सरकारने नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांचे नियम अधिसूचित केल्यापासून या मार्गाला अधिकृत स्वरूप आले आहे. चौथा मार्ग चोरीचा. मीरतच्या सोतीगंज बाजारावर चोरीच्या गाड्यांचे भाग विकले जात असल्यावरून पोलिसांनी २०२१ मध्ये मोठी कारवाई केली, तेव्हा या व्यापाराची व्याप्ती देशासमोर आली.

दुखापतीचे तीन प्रकार

पहिला प्रकार खरचटण्याचा. फुटपाथला घासून कडेचा रंग व थोडा धातू गेलेला असतो. हा दोष केवळ दिसण्याचा असून घासकाम व रंगकाम करून तो दूर होतो. यंत्रावर तासून चकाकी दिलेल्या चाकांचा पृष्ठभाग पुन्हा तासता येतो. परंतु दर खेपेस थोडा धातू जातो, त्यामुळे हा उपाय मोजक्या वेळाच करता येतो.

दुसरा प्रकार वाकण्याचा. बाजारात त्याला ‘बेंड’ म्हणतात. कडेला आलेला किरकोळ बेंड कुशल कारागीर जलचलित दाबयंत्रावर काढू शकतो. मात्र तो काढताना ज्योतीने बेसुमार तापवल्यास कारखान्यातील उष्णतासंस्कार वाया जातो. चाक वरून गोल दिसते, आतून मऊ झालेले असते.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रकार तड्याचा. आर्गॉन वायूच्या साहाय्याने वेल्डिंग करून तडे बुजवणारी दुकाने प्रत्येक शहरात आहेत. मात्र वेल्डिंगमध्ये धातू प्रत्यक्ष वितळतो, जोडालगतचा पट्टा दुर्बल होतो आणि संपूर्ण चाकावर पुन्हा उष्णतासंस्कार करण्याची सोय अशा दुकानांत नसते. आऱ्यांवर, मध्यभागी किंवा नटांच्या छिद्रांजवळ तडा असलेले चाक दुरुस्तीयोग्य मानूच नये. त्याची जागा भंगारात.

घेताना काय पाहावे?

चाक शक्यतो टायरविना पाहावे. तडे बहुधा आतल्या बाजूस, गाडीखाली दडणाऱ्या कडेवर असतात आणि टायर चढवला की ते झाकले जातात. ताजा, जाड रंग दिसल्यास अधिक सावध व्हावे. रंग दोष लपवण्यासाठीही देता येतो. आतील पृष्ठभागावर वेल्डिंगची उंचवट्याची रेघ वा घासल्याचे पट्टे आहेत का, हे बोटाने चाचपावे. त्यानंतर टायरच्या दुकानातील बॅलन्सिंग यंत्रावर चाक फिरवून घ्यावे. कड वरखाली वा आजूबाजूला डोळ्यांना जाणवेल इतकी डोलत असेल तर चाक ‘आऊट’ आहे. शंका उरल्यास तडे दाखवणारे रंगीत द्रव वापरता येते. ते बारीक भेगेत शिरते आणि पुसल्यानंतरही भेगेची रेघ उमटते. टायर चढवल्यावर साबणाचे पाणी लावून हवा गळते का, तेही पाहावे.

चाक निर्दोष असले तरी ते गाडीला बसेलच असे नाही. चाकाच्या मागील बाजूस कोरलेले आकडे येथे उपयोगी पडतात. ‘६ जे × १५’ म्हणजे ६ इंच रुंदी व १५ इंच व्यास. ‘४ × १००’ म्हणजे चार नट आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. ‘ईटी ४५’ म्हणजे बसवण्याचा पृष्ठभाग चाकाच्या मध्यरेषेपासून बाहेरच्या बाजूस ४५ मिलिमीटरवर. यात मोठा फरक पडल्यास टायर मडगार्डला घासतो किंवा बेअरिंगवर अधिक भार येतो. मधल्या छिद्राचा व्यास हबपेक्षा मोठा असेल तर योग्य मापाचे कडे घालावे लागते. लहान असेल तर चाक बसतच नाही. नटाची बैठकही जुळली पाहिजे. काहींची शंकूच्या, काहींची गोलाकार आकाराची असते. शंकूचा नट गोल बैठकीत आवळला तर तो घट्ट वाटतो, पण धावताना सैल होतो. चाकाची भारक्षमता मूळ चाकापेक्षा कमी नसावी, हे सांगणे नलगे.

चिन्हांचा अर्थ आणि मर्यादा

अनेक चाकांवर जपानी मानकाची ‘जेडब्ल्यूएल’ ही अक्षरे असतात, तर ‘व्हीआयए’ हे चिन्ह त्रयस्थ संस्थेने तपासणी केल्याचे दर्शवते. भारतात हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठी आयएस १६१९२ हे मानक असून केंद्र सरकारने २०२० साली चाकांच्या रिम गुणवत्ता नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणल्या. वळणावरचा ताण, सततचा भार आणि आघात अशा तिन्ही कसोट्यांतून नमुन्याची चाके जातात. मात्र ही चिन्हे चाक कारखान्यातून निघाले तेव्हाची ग्वाही देतात, त्यानंतर ते कोणत्या खड्ड्यात आदळले याची नव्हे. शिवाय साच्यात अक्षरे कोरणे नकलाकारालाही अवघड नसते.

विकणाऱ्याचे कर्तव्य

विकणाऱ्याने चाकाची स्थिती लपवू नये. बेंड काढला असल्यास तो कोठे काढला ते सांगावे, आतील बाजूची छायाचित्रे दाखवावीत आणि व्यवहाराची पावती द्यावी. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. एकाच गाडीची चारही चाके, नटांसह, कागदाविना आणि निम्म्याहून कमी भावात मिळत असतील, तर स्वस्ताईचे कारण विचारलेच पाहिजे.

तडकलेल्या चाकालाही मोल असते, हे अनेकांना ठाऊक नसते. चाकांचा मिश्रधातू शुद्ध व त्यात लोहाचे प्रमाण कमी असल्याने भंगारात त्याला इतर ओतीव ॲल्युमिनियमपेक्षा चांगला भाव मिळतो. त्यापूर्वी टायर, हवेची नळी, बॅलन्सिंगची शिशाची वा पोलादी वजने काढून टाकावीत. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम बनवण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत हा धातू पुन्हा वापरात येतो. मात्र भंगारात देण्यापूर्वी अशा चाकाची कड कापून ते निरुपयोगी करणे श्रेयस्कर. अन्यथा वेल्डिंग आणि रंगाचा एक हात देऊन तेच चाक पुन्हा एखाद्या कुटुंबाच्या गाडीखाली पोहोचण्याची भीती राहते.

जुने चाक घेण्यात गैर काही नाही. खरचटलेले चाक खुशाल घ्यावे, वाकलेले पारखून घ्यावे आणि तडकलेले कितीही स्वस्त मिळाले तरी नाकारावे. वाचलेले काही हजार रुपये आणि द्रुतगती मार्गावरील एक क्षण, यांची तुलना व्यवहार ठरण्यापूर्वी केलेली बरी.