अमर चित्र कथेतले मुसलमान

1967 साली अनंत पै यांनी दिल्लीत टीव्हीवर मुलांची प्रश्नमंजुषा पाहिली. मुलांना ग्रीक देवदेवता ठाऊक होत्या, रामाच्या आईचं नाव मात्र येईना. त्यातून मुंबईच्या इंडिया बुक हाउसतर्फे 'अमर चित्र कथा' निघाली. वेताळवाल्या इंद्रजाल कॉमिक्सचा अनुभव पैंच्या गाठीशी होताच.

पुराणकथांबरोबर अभिजात नाटकंही आली: कालिदासाची शकुंतला, शूद्रकाची वसंतसेना. शूद्रक सातवीच्या पोराला एरवी कोण वाचायला देतो? चित्रांतून निदान माणसं तरी ओळखीची होतात.

मालिकेत अकबर, नूरजहाँ, रझिया, चाँदबीबीही आहेत. पण ही मंडळी आली इतिहासातून, तख्त आणि तलवारीसकट. कबीर सोडला तर गोष्ट सांगणारा, शेर लिहिणारा माणूस आमच्या मुलांना तिथं क्वचितच भेटतो. आता नझीर अकबराबादीच घ्या, अठराव्या शतकातला आग्र्याचा शिक्षक. काकडीवाले, होळी खेळणारे, अस्वलाच्या पिल्लाशी कुस्ती धरणारा कलंदर, सगळे त्याच्या नज्मांत आहेत. चित्रकाराला आणखी काय हवं?

वर्गात मी फळ्यावर सहा चौकोन आखून ते अस्वल मुलांकडून काढून घेते. कलंदराच्या मागे भरणारा बाजार मात्र दरवेळी घाटकोपर स्टेशनबाहेरचाच असतो.