तळपायांवर आणलेलं भान

समजा, पुण्यात बिबवेवाडीच्या अप्पर इंदिरानगरातली दहा बाय बाराची खोली आहे. सकाळचे सव्वासात झालेत. चौदा वर्षांच्या मुलाला विशेष शाळेची व्हॅन गाठायची आहे आणि आई त्याच्या पायात मोजा चढवते आहे. तो पाय झटकतो. ती पुन्हा चढवते, तो काढून फेकतो. खाली व्हॅनचा हॉर्न वाजतो. आई घोटा घट्ट धरते, तो तिच्या मनगटाला चावतो, ती एक चापट ठेवून देते. तो क्षणभर थिजतो आणि मग भिंतीवर डोकं आपटायला लागतो. व्हॅन निघून जाते, मोजा फरशीवरच राहतो. सगळं मिळून दीड मिनिट.

बौद्धिक किंवा विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्तीला सांभाळणाऱ्यांचं प्रशिक्षण म्हणजे काय, हे समजून घ्यायला हे दीड मिनिट पुरेसं आहे. आजवर आपण बहुतेक वेळा प्रशिक्षण मुलाला दिलं: मोजा घालायला शिकव, चावायचं नाही हे शिकव. इथे विचार उलट्या बाजूने करायचा आहे.

आधी या प्रसंगाची चिरफाड. चावल्यामुळे मुलाला काय मिळालं? मोजा सुटला, वर शाळाही टळली. चापटीमुळे आईला काय मिळालं? क्षणभराची शांतता. म्हणजे दोघांनाही आपापल्या वागण्याचं बक्षीस मिळालं आणि उद्या दोघंही तेच करतील, थोडं लवकर आणि थोडं जोरात. जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ च्या आपल्या ग्रंथात कुटुंबांमधलं हे जबरदस्तीचं चक्र सविस्तर मांडलं आहे. त्यात खलनायक कोणीच नसतो. दोघं एकमेकांना घडवत असतात, आणि दोघांनाही ते कळत नसतं.

चक्र तोडायचं तर कुठे? चापटीपाशी फार उशीर झालेला असतो. चावण्यापाशीही. बारकाईने पाहिलं तर हॉर्न वाजल्यावर आईच्या बोटांची पकड घट्ट झाली, तिथे खरी कलाटणी आहे. ती पकड तिला स्वतःला जाणवली नव्हती, मुलाला जाणवली. तिचं लक्ष हॉर्नवर होतं, घड्याळावर होतं, 'आज पुन्हा व्हॅन चुकली तर मला कामावर सुट्टी मागावी लागेल' या वाक्यावर होतं.

पकड अशी वेळीच जाणवण्याला कार्यशाळांमधून 'सजगता' म्हणतात. मला हा शब्द जरा इस्त्री केलेला वाटतो. आपल्याकडे 'भान' हा रोजच्या वापरातला शब्द आहे: भानावर ये, भान सुटलं, देहभान हरपलं. शरीरात आणि मनात आत्ता जे चाललं आहे ते चालू असतानाच कळणं, आणि कळल्याबरोबर त्याच्या हुकमाने हात न उचलणं, एवढीच त्याची व्याख्या या लेखापुरती पुरे. सहनशीलता वेगळी. आयांना ती शिकवावी लागत नाही, उलट तिचा साठाच जास्त असतो. सोमवारी गिळलेला राग गुरुवारी धाकट्या मुलीवर निघतो. विश्रांतीही वेगळी. भान आल्यावर कधी कधी अधिक अस्वस्थ वाटतं, कारण आपण किती दमलो आहोत ते पहिल्यांदाच कळतं.

हा विषय अमेरिकेतून 'माइंडफुलनेस' या नावाने परत आला, याची थोडी गंमत वाटते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात तणावमुक्तीचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंकांची विपश्यना शिबिरं सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. बिबवेवाडीकराला तर इगतपुरीलाही जायला नको. स्वारगेटला नेहरू स्टेडियमसमोर दादावाडीत विपश्यनेचं केंद्र आहे. पण दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा, फोन जमा. या मुलाच्या आईने ते करायचं म्हटलं, तर दहा दिवस मोजा कोण चढवणार? ध्यानाची परंपरा शेजारी असून ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना तिचं दार बंद आहे, आणि त्यात परंपरेचा काही दोष नाही. ती घरातून निघू शकणाऱ्यांसाठी रचलेली आहे, एवढंच.

घरातून निघू न शकणाऱ्यांसाठी काय, याचं सर्वांत उपयोगी उत्तर निर्भय सिंग या मानसशास्त्रज्ञाच्या कामात सापडतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सौम्य बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार असलेल्या २७ वर्षांच्या एका तरुणाची हकिगत प्रसिद्ध केली. तो इतरांना मारहाण करत असल्यामुळे त्याला वारंवार रुग्णालयात दाखल व्हावं लागे. त्याला एकच गोष्ट शिकवली. पाय जमिनीवर सपाट टेकव. राग आलेला एखादा प्रसंग आठव, राग येऊ दे, त्याला अडवू नकोस. मग सगळं लक्ष तळपायांवर आण. बोटं हलव, चपलेचा स्पर्श बघ, टाच कुठे टेकते ते बघ. श्वास आपोआप चालू दे. राग ओसरेपर्यंत तिथेच थांब. ठरलेल्या वेळी रोज सराव, आणि खरा राग आला की तेच.

या कृतीतली हुशारी लक्षात घेण्यासारखी आहे. राग चढतो तेव्हा छाती, जबडा, मुठी यांत तो असतो. श्वासावर लक्ष द्यायला सांगितलं तर आपण त्याच वादळात जाऊन उभे राहतो. तळपाय मात्र तटस्थ जागा आहे. शिवाय डोळे मिटायला नको, बसायला नको, मुलाचा हातही सोडायला नको. कुकरची शिट्टी मोजतानाही तळपाय खाली असतातच.

याच गटाने पुढे मोहरा सांभाळणाऱ्यांकडे वळवला. २००६ च्या अभ्यासात स्वमग्न मुलांच्या तीन आयांना बारा आठवडे शिकवलं आणि पुढे वर्षभर त्यांनी सराव केला. मुलांना काहीच शिकवलं नव्हतं, तरी त्यांचं मारणं, स्वतःला इजा करणं, ऐकायला नकार देणं कमी झालं. नंतर निवासी संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांना शिकवल्यावर अंतेवासींना धरून-बांधून ठेवण्याचे प्रसंग घटले. हे कसं होतं? आई शांत झाली म्हणून मूल शांत झालं, हे उत्तर मला अर्धवट वाटतं. पकड सैल होते हा एक भाग. दुसरा अधिक महत्त्वाचा: जिचं लक्ष हॉर्नवरून पायांवर आलं, तिला समोरचा पायही दिसतो. मोज्याची शिवण करंगळीवर येते तेव्हाच तो झटकतो, हे तिच्या लक्षात येतं आणि ती मोजा उलटा करून, शिवण बाहेर ठेवून चढवते. वर्तनशास्त्र याला वागण्याचं कारण शोधणं म्हणतं: टाळायचं आहे, लक्ष हवं आहे, वस्तू हवी आहे की संवेदनाच नकोशी आहे. हे शोधायला थंड डोळा लागतो आणि तापलेल्या माणसाकडे तो नसतो. म्हणून सिंग यांनी ध्यान आणि वर्तनशास्त्र एकत्र बांधलं: एक दिवस शिक्षण, चार आठवडे सराव, पाच दिवसांचा सघन वर्ग, पुन्हा चार आठवडे सराव, शेवटी एक दिवस.

त्या वर्गात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावनाही शिकवल्या जातात. बौद्ध परंपरेतल्या या चौकडीला पतंजलींच्या योगसूत्रांतही जागा आहे, तेव्हा मराठी आईला ही नावं परकी नाहीत. पण इथे एक खड्डा आहे. आजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. विशेष मुलाच्या आईपुढे 'उपेक्षा शिका' म्हटलं तर ती उठून जाईल, आणि योग्यच करेल. तिच्या मुलाने शाळेपासून मंगल कार्यालयापर्यंत दुसरं काही पाहिलेलं नसतं. मूळ अर्थ समतोलाचा आहे: मूल आज किंचाळलं, उद्या हसेल, दोन्हींत मी पाय रोवून उभी आहे. पुण्यात वर्ग घेणाऱ्याने हा शब्द सरळ बाजूला ठेवून 'समभाव' म्हणावं. मुदितेला मात्र पर्याय शोधू नये. सतराव्या वर्षी शर्टाचं एक बटण आपलं आपण लावलं, याचा निखळ आनंद, शेजारच्या मुलाच्या बारावीच्या टक्क्यांशी तुलना न करता. चौघींत हीच मला सर्वांत अवघड वाटते.

पुरावा किती भक्कम आहे? तीन आयांवरून सिद्धांत उभा राहत नाही, त्यातून नोंदी आयांनीच ठेवलेल्या. या क्षेत्रातलं बरंच काम एकाच गटाचं आहे, हेही खरं. म्हणून एलिझाबेथ डायकेन्स आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २४३ आयांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला ध्यानाधारित, दुसऱ्याला सकारात्मक मानसशास्त्रावर आधारलेला अभ्यासक्रम, आठवड्याला दीड तास, सहा आठवडे. सुरुवातीला ८५ टक्के आयांवर ताण खूप जास्त होता आणि ४८ टक्के नैराश्यात होत्या. दोन्ही गटांना फायदा झाला. चिंता, नैराश्य आणि झोप यांत ध्यानाच्या गटाला अधिक. दोन्ही गटांना झाला, हे विसरू नये: जमणं, बोलणं, आठवड्यातून दीड तास स्वतःचा असणं यातही औषध आहे. आणि हे वर्ग तज्ज्ञांनी घेतले नव्हते. अक्षम मुलांच्या आयांनाच आधी प्रशिक्षण देऊन शिकवायला उभं केलं होतं.

इथे बिबवेवाडीचा प्रश्न निम्मा सुटतो. पुण्यातल्या कुठल्याही विशेष शाळेच्या आवारात सकाळी अकरा वाजता जाऊन पाहावं. घर लांब, दोन बस बदलायच्या, म्हणून मुलाला सोडून शाळा सुटेपर्यंत थांबलेल्या आया पायरीवर बसलेल्या असतात. कोणी मेथी निवडते, कोणी फॉल-पिको करते. १९६४ पासून चालणाऱ्या, गोखलेनगरातल्या 'कामायनी' या विशेष शाळेपासून आजच्या छोट्या शाळांपर्यंत ही पायरी हीच पुण्याची सर्वांत जुनी पालकसभा आहे. वर्ग तिथेच भरावा, मेथी निवडतच. गणपतीत ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की कानांवर हात दाबून किंचाळणारं मूल कसं सांभाळायचं, मार्केट यार्डाकडच्या गर्दीत रिक्षात बसायला नकार देणाऱ्या मुलापुढे लोकांच्या नजरा कशा झेलायच्या, हा अभ्यासक्रम. त्या नजरांमुळेच हात सर्वांत लवकर उठतो. शिकवणारी त्यांच्यातलीच एखादी ताई, पाठीशी मानसशास्त्रज्ञ. मुळशी तालुक्यात कोळवणजवळच्या 'साधना व्हिलेज'सारख्या, प्रौढ विशेष मित्रांच्या निवासी संस्थांमध्ये हाच पाठ तिथे राहून सांभाळणाऱ्यांसाठी हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने काळजीवाहकाच्या व्याख्येत आईवडिलांना आणि पगारी माणसाला एकत्रच बसवलं आहे.

मोजायचं काय? 'तुम्हाला आता बरं वाटतं का' या प्रश्नावर आपल्याकडे सगळ्या आया 'हो' म्हणतात. त्यापेक्षा वहीत दोनच रकाने असावेत: आज किती वेळा हात उगारला, आणि किती वेळा खोलीला बाहेरून कडी लावली. घरातली कडी म्हणजे संस्थेतलं बांधून ठेवणंच. ही वही वर्गात वाचून दाखवायची सक्ती नसावी, नाहीतर आकडे आपोआप सुंदर होतात.

मर्यादा स्पष्ट आहेत. बोलता न येणारं मूल अचानक डोकं आपटू लागलं तर आधी दात, कान आणि पोट तपासावं, नवीन गोळी सुरू झाली आहे का पाहावं. तिथे ध्यान म्हणजे वेळेचा अपव्यय. आई नैराश्यात असेल तर तिला मनोविकारतज्ज्ञ हवा. आणि ज्या घरात दिवसभर दुसरा हातच नाही, तिथे 'ताई, तुम्ही श्वास बघा' असं म्हणण्यात एक सभ्य क्रूरपणा आहे. जास्त मदतीची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद २०१६ च्या त्याच कायद्यात आहे. पायरीवरच्या वर्गाने सहाव्या आठवड्यात त्याचा अर्ज भरावा, असं माझं मत आहे.

राहतो तो रात्री अडीचचा प्रश्न, 'आमच्यामागे याचं काय?' जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकापासून मराठी माणसाला तो ठाऊक आहे. भानाला एवढंच ओळखता येतं की हा प्रश्न अडीच वाजता सुटणारा नाही. छातीवरचं दडपण आणि खरा प्रश्न या दोन वस्तू आहेत. दडपणासाठी अंथरुणातही तळपाय सापडतात. प्रश्नासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, मूल अठराचं झालं की कायदेशीर पालक नेमायची सोय आहे, आणि ते काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे असतं. कचेरी सकाळी उघडते. मुलाचं प्रमाणपत्र, आधार आणि फोटो आदल्या रात्रीच पिशवीत घालून ठेवावेत, म्हणजे सव्वासातच्या गडबडीत शोधावे लागत नाहीत.