नागपूरकर भोसले घराण्याच्या मालमत्तेची जप्ती

नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले (कार. १८१८–५३) यांच्या मृत्यूनंतर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांचे राज्य खालसा केले आणि राजवाड्यातील जडजवाहीर, सामानसुमान व जनावरे ताब्यात घेऊन त्यांची विक्री केली. न्यायालयीन निवाड्यावाचून शासनाने कुटुंबाची मालमत्ता सरकारजमा केल्याचे एकोणिसाव्या शतकातील हे एक ठळक उदाहरण होय. राज्याचा वारस कोण, हा एक प्रश्न आणि राजवाड्यातील वस्तू राज्याच्या की कुटुंबाच्या, हा दुसरा. नागपूर प्रकरणी दुसऱ्या प्रश्नाचा निर्णय कंपनीनेच दिला व त्याचा लाभही तिलाच झाला.

सीताबर्डीच्या लढाईनंतर (नोव्हेंबर १८१७) आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले व १८१८ मध्ये अल्पवयीन रघूजींना गादीवर बसविण्यात आले. त्यांच्या अल्पवयात दुसऱ्या रघूजींच्या पत्नी बाकाबाई व रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्झ यांच्याकडे कारभाराची सूत्रे होती. १८२६ च्या तहानंतर रघूजींकडे अधिकार आले. ११ डिसेंबर १८५३ रोजी ते निपुत्रिक वारले. त्यांनी हयातीत दत्तक घेतलेला नव्हता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने, नागपूरचे राज्य कंपनीच्या कृपेनेच पुन्हा उभे राहिले असल्याने वारसाअभावी ते तिच्याकडे परत येते, असे प्रतिपादिले. कौन्सिलमधील कर्नल जॉन लो याने विरोध नोंदविला तथापि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. [→ डलहौसी, लॉर्ड].

संपत्तीविषयी डलहौसीची भूमिका अशी की, राजवाड्यातील जवाहीर राज्याच्या उत्पन्नातून जमलेले असल्याने ते राज्याचेच होय आणि राण्यांच्या हाती ते राहू देणे इष्ट नाही. त्यानुसार सीताबर्डीस हत्ती, घोडे, बैल इत्यादींचा अत्यल्प किंमतीत लिलाव झाला. काही निवडक दागिने राण्यांकडे ठेवून उरलेले जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास पाठविण्यात आले. सामान हलविल्यास राजवाड्याला आग लावू, अशी धमकी वृद्ध बाकाबाईंनी दिल्याचे जॉन विल्यम के या इतिहासकाराने नमूद केले आहे. विक्रीचे उत्पन्न ‘भोसले फंड’ या नावाने कुटुंबाच्या निर्वाहासाठी राखून ठेवण्यात आले. या व्यवस्थेतच भूमिकेतील विसंगती दिसून येते. मालमत्ता राज्याची असेल, तर तिचे उत्पन्न कुटुंबासाठी का राखावे? आणि ती कुटुंबाची असेल, तर त्याच्या संमतीवाचून ती का विकावी? नागपूर येथे साहाय्यक आयुक्त राहिलेले एव्हान्स बेल यांनी ‘द एम्पायर इन इंडिया’ (१८६४) या ग्रंथात खालसा धोरणावर टीका केली व भोसले कुटुंबाची बाजू मांडली. १८५७ च्या उठावात बाकाबाई कंपनीशी एकनिष्ठ राहिल्या. पुढे दत्तक जानोजी यांस सातारा जिल्ह्यातील देऊर येथील जहागीर व राजेबहादूर हा किताब मिळाला. राज्य मात्र परत मिळाले नाही.

असाच प्रश्न तंजावरच्या मराठी राजघराण्यापुढे आला. राजे शिवाजी १८५५ मध्ये वारल्यावर कंपनीने त्यांची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी दावा लावला व मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. तथापि प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो निर्णय फिरविला. जप्ती हे सार्वभौम सत्तेचे ‘राज्यकृत्य’ असल्याने, ते न्याय्य असो वा नसो, त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही, असे ठरले. खाजगी मालमत्ता १८६२ मध्ये राण्यांना परत मिळाली, ती हक्क म्हणून नव्हे, तर सरकारच्या आदेशाने.

स्वतंत्र भारतात हे तत्त्व नागरिकांविरुद्ध चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वीरेंद्र सिंह वि. उत्तर प्रदेश राज्य (१९५४) या खटल्यात स्पष्ट केले. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७८) मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. तथापि कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणासही मालमत्तेपासून वंचित करता येत नाही, असे अनुच्छेद ३०० क सांगतो. तस्करांच्या मालमत्तेविषयीचा १९७६ चा अधिनियम आणि काळा पैसा वैध करण्यास प्रतिबंध करणारा २००२ चा अधिनियम यांनी शासनास जप्तीचे व्यापक अधिकार दिले आहेत. १९७६ च्या अधिनियमाखाली स्थानबद्ध व्यक्तीची मालमत्ताही, दोषसिद्धी झालेली नसताना, सरकारजमा करता येते आणि ती वैध मार्गाने मिळविल्याचे सिद्ध करण्याचा भार धारकावर असतो. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अधिनियम वैध ठरविला. मात्र या दोन्ही अधिनियमांत नोटीस, सुनावणी व अपील यांची तरतूद आहे. राजवाडा रिकामा होत असताना बाकाबाईंना यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते. जप्तीच्या अधिकारास न्याय्य मर्यादा पडते, ती याच तरतुदींमुळे.